राइड-ऑन मॉवर गरम व्हायलंय? इंजिन खोलायच्या आधी एवढं करा

दादा, तुमचा प्रश्न नीट वाचला. लग्नाचं लॉन्स आहे, दोन-अडीच एकर हरळी आहे, सेकंडहँड राइड-ऑन मॉवर, म्हणजे वर बसून चालवायचं गवत कापायचं मशिन, घेतलंय, दोन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. वीस मिनिटं चालवलं की मशिन तापून दम सोडतंय, गवत एका बाजूनं खुरटं आणि एका बाजूनं उंच राहायलंय, खालून घरघर येतीय, आणि गॅरेजवाला म्हणतोय इंजिनचं काम निघालं. तर इंजिन खोलू द्यावं का, आणि हे मशिन साफ कसं करायचं न सांभाळायचं कसं, असं तुम्ही विचारलंय.

मी संभाजीनगर, जालना, परभणी या पट्ट्यात हेच काम करतो, कंपन्यांची लॉन, कॉलेजची मैदानं आणि आता जास्त करून तुमच्यासारखी लग्नाची लॉन्स. माझ्याकडं बंद पडून जी मशिनं येतात त्यातली बरीचशी हवेचा रस्ता बंद झाल्यामुळं आलेली असतात. इंजिनात जाणारी हवा, इंजिनावरून फिरणारी हवा आणि डेकच्या, म्हणजे ब्लेडवरच्या लोखंडी झाकणाच्या, खालची हवा, या तीन जागा मोकळ्या ठेवल्या तर आपल्या उन्हात न धुळीतसुद्धा मशिन वर्षानुवर्षं चालतं. तुमचं मशिन तापणं मला तिथलंच वाटायलंय, घरघर न वाकडं कापणं पुढं बघू, म्हणून इंजिनला हात लावायच्या आधी तिथून सुरुवात करा.

आधी एक गोष्ट, जी मी प्रत्येकाला सांगतो आणि ती केल्याशिवाय मशिनला हात लावू देत नाही. चावी काढून खिशात ठेवायची, पार्किंग ब्रेक लावायचा, प्लगच्या कॅप काढायच्या, दोन सिलिंडर म्हणजे दोन प्लग, दोन्ही काढायच्या. ब्लेड हातानं फिरवलं की इंजिनही फिरू शकतं आणि गरम इंजिन तेवढ्यावरसुद्धा चालू होऊ शकतं. इंजिन पूर्ण गार होऊ द्या. आणि डेकखाली काम करायला मशिन दोन विटांवर नाहीतर नुसत्या जॅकवर उभं करून खाली झोपायचं नाही, स्टँड लावा. त्याहून चांगलं म्हणजे डेकच बाहेर काढा, बहुतेक मशिनवर चार-सहा पिना न एक बेल्ट काढला की डेक बाजूनं सरकून बाहेर येतं, एकदा हात बसला की लै वेळ लागत नाही. राइड-ऑन मशिन कधीही कुशीवर आडवं करायचं नाही, ऑइल सिलिंडरमध्ये न एअर फिल्टरमध्ये जातं, पेट्रोल सांडतं, बॅटरीतलं पाणी सांडतं.

आता गरम होण्याचं. या इंजिनाला रेडिएटर नसतो, ते हवेनं गार होतं. वर जी गोल फिरणारी जाळी दिसते तिच्याखाली फ्लायव्हीलवर पंखा असतो, तो वरून हवा ओढतो आणि झाकणाच्या खालून दोन्ही सिलिंडरच्या न हेडच्या फिनांमधून, म्हणजे बाहेरच्या पातळ पट्ट्यांमधून, बाहेर ढकलतो. गवत कापताना जो भुसा उडतो तो याच हवेबरोबर आत जातो आणि फिनांच्या मधल्या फटीत बसतो, त्यावर आपली काळ्या मातीची पिठासारखी बारीक धूळ बसते, कुठंतरी ऑइलचा पाझर असला की त्याचा लिंपल्यासारखा थर होतो. बाहेरून मशिन चकाचक दिसतं, गडी रोज फडक्यानं पुसत असतो, आणि आत एका सिलिंडरची एक बाजू पूर्ण बुजलेली असते. असं तापलेलं इंजिन चालवत राहिलं की पुढं हेडचं गॅस्केट उडतं, व्हॉल्व्ह गाइडमध्ये चिकटून पुशरॉड वाकतो, आणि मग खरंच इंजिनचं काम निघतं.

वरची जाळी हातानं साफ करणं म्हणजे अर्धंच काम. तिच्याभोवतीचं जे मोठं झाकण आहे, ब्लोअर हाउसिंग, ते बोल्ट काढून उचलायचं. बहुतेक १० नंबरच्या पान्ह्याचे चार-पाच बोल्ट असतात, कुठं वायर क्लिपमध्ये अडकवलेली असते ती सोडवून घ्या, ओढू नका. आत काय दिसतं ते बघून माणसं गप्प होतात. गवताचा गठ्ठा तर असतोच, शेडमध्ये दोन महिने मशिन उभं असलं तर उंदरानं घर केलेलं असतं, चिंध्या, कापूस, शेंगांची टरफलं. आधी लाकडी काडी नाहीतर प्लास्टिकच्या पट्टीनं गठ्ठे मोकळे करा, फिना ॲल्युमिनियमच्या असतात, स्क्रू ड्रायव्हरनं खरवडल्या तर मोडतात. मग कंप्रेसरची नाहीतर ब्लोअरची हवा ज्या दिशेनं पंख्याची हवा जाते त्याच्या उलट दिशेनं मारा, सरळ मारली तर घाण अजून आत ठासते. तेलकट थर असेल तर थोडं डिग्रीझर ब्रशनं लावा, पुसून घ्या. आणि ऑइल कुठून पाझरतंय ते त्याच वेळी शोधा, नाहीतर महिन्याभरात थर परत येतो. झाकण परत बसवल्याशिवाय इंजिन चालू करून बघायचं नाही, ते झाकणच हवेला सिलिंडरवरून वळवतं, त्याच्याशिवाय इंजिन दोन मिनिटात तापायला लागतं.

मॅन्युअलमध्ये हे काम १०० तासांनी नाहीतर वर्षातून एकदा असं लिहिलेलं सापडेल, पण त्याच पानावर धुळीत याहून लवकर करा असंही लिहिलेलं असतं, आणि मार्च ते जून आपल्याकडं दुसरं काय असतं. मी तर म्हणतो तुमच्यासारख्या ठिकाणी २५ तासांनी झाकण उचलून बघायचंच, साफ निघालं तर चांगलंच आहे, परत बसवून टाका.

याच्याबरोबर एक सवय बदला, तुमच्या ड्रायव्हरला विचारून बघा, मला वाटतं तो पेट्रोल वाचवायला अर्ध्या थ्रॉटलवर, म्हणजे इंजिनचा स्पीड अर्धा ठेवून, चालवत असेल. सगळीकडं हेच करायलेत. गवत कापताना थ्रॉटल पूर्ण पुढं पाहिजे. पंखा इंजिनच्या स्पीडनंच फिरतो, स्पीड अर्धा केला की थंड करणारी हवा कमी होते पण गवताचा लोड तेवढाच राहतो, वर ब्लेडचा स्पीड पडला की गवत कापलं जायच्या ऐवजी पिंजलं जातं न डेकमध्ये चिकटून बसतं. मशिन हळू चालवायचं असेल तर पेडल कमी दाबा, थ्रॉटल कमी करू नका.

दुसरी हवा म्हणजे इंजिनात जाणारी. एअर फिल्टर दोन भागात असतो, बाहेर फोमचा स्पंज आणि आत कागदाची घडीघडीची जाळी. फोम साध्या कपड्याच्या साबणानं धुवून, न पिळता दाबून, सावलीत पूर्ण वाळवायचा, त्याला वरून ऑइल लावायचं का नाही हे मॉडेलवर आहे, मॅन्युअल बघा. कागदाच्या फिल्टरला मात्र पाणी नाही, पेट्रोल नाही आणि कंप्रेसरची हवा तर बिलकुल नाही. गॅरेजमध्ये हवा मारून देतात, फिल्टर पांढरा दिसतो, आपण खूश, पण कागदाला डोळ्याला न दिसणारी भोकं पडलेली असतात आणि पुढची सगळी धूळ पिस्टनच्या रिंगांवर जाते. आपली माती रिंग न सिलिंडर कानशीसारखी घासते. सपाट जागेवर हलकं आपटायचं, धूळ पडेल तेवढी पडू द्यायची, उजेडासमोर धरून बघायचं, उजेड आरपार येत नसेल तर नवीन घ्यायचा. फिल्टर बसायच्या जागेवरची रबरी कडा पण बघा, तिथून हवा चोरून आत जात असेल तर फिल्टर कितीही महागडा लावला तरी उपयोग नाही. फोम दर आठवड्याला, कागद २५ तासांनी बघणं, हे आपल्याकडं जास्त नाहीये.

आता डेकच्या खालचं, आणि इथं माझं बाकीच्यांशी पटत नाही. कंपनीच्या व्हिडिओत दाखवतात की डेकला पाइप जोडायची सोय आहे, नळ चालू करा, ब्लेड फिरवा, डेक आतून धुवून निघतं. सोय चांगली आहे, पण ज्या भागात २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तिथं दर वेळी एवढं पाणी मशिनवर ओतणं मला पटत नाही, आणि पाण्याचा प्रश्न बाजूला ठेवला तरी मशिनला ते मानवत नाही. आपलं बोरचं पाणी क्षारवालं, वाळलं की पांढरा थर सोडतं, गंज लवकर धरतो, आणि ओल्या गवतावर पाणी मारलं की कोपऱ्यात त्याचा लगदा होऊन बसतो. प्रेशर वॉशर तर डेकवर अजिबात नको, त्याचं पाणी स्पिंडलच्या, म्हणजे ब्लेड फिरवणाऱ्या दांड्याच्या, सीलमधून बेअरिंगमध्ये घुसतं, ग्रीस धुवून जातं आणि महिन्याभरात घरघर चालू होते. तुमच्या घरघरीचं कारण हेच असू शकतं, आधीच्या मालकानं मशिन कुठं धुतलं विचारून घ्या, सर्व्हिसिंग सेंटरवर गाड्यांबरोबर धुवून आणत असेल तर झालंच.

मी डेक कोरडंच साफ करतो. काम संपल्यावर वरचा भुसा ब्लोअरनं उडवायचा, पुलीच्या झाकणाखालचा सुद्धा, तिथं साठलेलं गवत बेल्टला घासून तापतं, आणि सायलेन्सरजवळ साठलेल्या वाळक्या गवतानं मशिन पेटतं सुद्धा. डेकच्या आतला थर ओला असतानाच, म्हणजे त्याच दिवशी, प्लास्टिकच्या नाहीतर लाकडी पट्टीनं खरवडला तर सहज निघतो. दोन-तीन दिवस ठेवला तर त्याची वीट होते. हा थर जाड झाला की डेकच्या आतली हवेची पोकळी कमी होते, ब्लेडनं वर उचललेलं गवत बाहेर फेकलं जात नाही, तिथंच घुमत राहतं, इंजिनवर लोड येतो. वर्षातून एकदा डेक काढून पूर्ण खरवडा, वायर ब्रश मारा, गंज असेल तिथं रेड ऑक्साइड न वरून ऑइल पेंटचे दोन हात. गवत चिकटू नये म्हणून सिलिकॉनचा स्प्रे चालतो. काही ठिकाणी जळकं ऑइल फासतात, ते करू नका, ब्लेड फिरलं की ते हरळीवर उडतं न पिवळे डाग पडतात, लग्नाच्या आदल्या दिवशी कोण बघायचं ते.

धुवायचंच झालं, पावसाळ्यात काळा चिखल लागला, तर इंजिन गार झाल्यावर साध्या पाइपनं, कमी दाबानं, फक्त डेकची आतली बाजू न चाकं. नंतर मशिन चालू करून ब्लेड दोन-तीन मिनिटं फिरू द्या म्हणजे पुली न बेअरिंगवरचं पाणी उडून जाईल. सीट, चावी, वायरिंग, इंजिन इकडं पाणी नको.

ब्लेड. यावर जरा जास्त लिहितो कारण जीव यातच जातो. साधारण ब्लेडचं टोक ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास वेगानं फिरतं. लग्नाच्या लॉनवर काय काय पडलेलं असतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, मंडपाचे खिळे, बाइंडिंग वायरचे तुकडे, फुलांच्या माळेची तार, साडीच्या पिना, स्टेपलरच्या पिना, चमचे, नारळाच्या करवंट्या, नायलॉनची दोरी. त्या वेगानं उडालेला खिळा माणसाच्या आरपार जाऊ शकतो. म्हणून कार्यक्रम झाल्यावर मॉवर बाहेर काढायच्या आधी मॅग्नेट फिरवायचा. जुन्या मोठ्या स्पीकरचे चार-पाच चुंबक एका लाकडी फळीला खालून लावा, दोरीनं ओढत पूर्ण लॉनवर फिरवा, मंडपाच्या खांबांच्या जागी दोनदा. ॲल्युमिनियम न प्लास्टिक चुंबकाला येत नाही, ते डोळ्यानंच वेचायचं. आणि मशिन चालू असताना लॉनवर पोरंसोरं, मंडपवाले, कोणी नको, गवत फेकायचं तोंड माणसांच्या न गाड्यांच्या उलट बाजूला ठेवा, त्या तोंडावरचं रबरी झाकण तुटलं असेल तर नवीन टाकल्याशिवाय मशिन काढू नका.

दोरी गुंडाळली जाण्याचा त्रास वेगळाच. नायलॉनची दोरी, माळेचा धागा, हरळीचे लांब वेल, हे सगळं ब्लेड न स्पिंडलच्या मधल्या जागेत गुंडाळलं जातं, तिथं तापून वितळतं न सील खातं. दर वेळी ब्लेड काढलं की तिथं बघा, चाकूनं कापून काढा, ओढू नका.

धार २५ तासांनी लावा. धार गेलीय हे गवतच सांगतं, कापल्यानंतर दुसऱ्या दिवशी लॉनवर पांढुरकी-तपकिरी झाक दिसली न पात्याचं टोक बघितलं तर फाटलेलं, तंतू निघालेले दिसतात. ब्लेड काढायच्या आधी खालची बाजू कोणती ते मार्कर नाहीतर खडूनं खूण करून ठेवा, उलटं बसवलेलं ब्लेड मी लै ठिकाणी बघितलंय, त्याचे वर वळलेले पंख डेककडं, म्हणजे वरच असायला पाहिजेत. ग्राइंडरनं मूळ उतारावरच, साधारण ३० अंशात, वरच्या बाजूनंच घासा, खालची बाजू सपाटच राहू द्या. थोडं थोडं घासा, लोखंड निळं पडलं म्हणजे त्याचं पाणी उतरलं, ती धार टिकत नाही. दाढीच्या पात्यासारखी धार नको, ती पहिल्याच खड्याला दुमडते. मग बॅलन्स बघा, भिंतीवर आडवा खिळा ठोकून ब्लेडचं मधलं भोक त्यावर अडकवा, जी बाजू खाली जाते तिच्या टोकाकडून, धारेवरून नाही, थोडं घासा, सरळ राहीपर्यंत. बॅलन्स नसलेलं ब्लेड सगळं डेक थरथरवतं आणि स्पिंडलचं बेअरिंग आधी खातं. बोल्ट घट्ट करताना टॉर्क रेंच असेल तर मॉडेलप्रमाणं लावा, साधारण ६० ते १२० न्यूटन-मीटरच्या मध्ये असतो, आणि ब्लेड फिरू नये म्हणून लाकडाचा ठोकळा अडवा, हात नाही. काही मशिनवर एका ब्लेडचा बोल्ट उलट्या आट्यांचा असतो, जोर लावायच्या आधी बघून घ्या.

पंखाजवळ ब्लेड पातळ झालं असेल, भेग दिसत असेल, वाकलं असेल, तर ते भंगारात. वेल्डिंग करून, हातोड्यानं सरळ करून वापरायचं नाही. आणि जीप-ट्रकच्या पाट्याचं ब्लेड लेथवाल्याकडून बनवून घ्यायचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईल, स्वस्तात पडतं म्हणून. देऊ द्या, घेऊ नका. पाट्याचं लोखंड कडक असतं, आपटलं की वाकत नाही, तुटतं, आणि तुटलेला तुकडा कुठं जाईल याचा नेम नाही. ज्या जागेवर तुमच्याकडं हजार माणसं जेवतात तिथं हे चालवायचं नाही.

घरघर स्पिंडलची आहे का ते असं बघा, बेल्ट काढून प्रत्येक पुली हातानं फिरवा, खरखर लागली किंवा ब्लेड धरून वर-खाली हललं तर बेअरिंग गेलं. बऱ्याच मशिनमध्ये ६२०३ नाहीतर ६२०४ नंबरचं बेअरिंग असतं, ते कुठंही मिळतं, पण काहीत आतलं भोक इंचात असतं, नंबर तोच दिसतो न बसत नाही, म्हणून जुनं बरोबर घेऊन जा न शाफ्ट व्हर्नियरनं मोजून जा. दोन्ही बाजूला रबरी सील असलेलंच घ्या. जिथं ग्रीसचं निपल आहे तिथं २५ तासांनी एक-दोन पंप, बास, जास्त दाबलं की सील बाहेर येतं. निपल आधी पुसा, नाहीतर ग्रीसबरोबर माती पण आत जाते. पुढच्या चाकांना न स्टेअरिंगला पण निपल असतात, ती सगळे विसरतात.

बेल्टचं थोडक्यात. चकाकी आलेली, भेगा पडलेल्या, दोरे निघालेले, बदला. बाजारातला पाणीपंपाचा बेल्ट मापात बसला तरी टाकू नका, डेकचा बेल्ट सैल-घट्ट होऊन क्लचचं काम करतो, त्याची दोरी न वरचं कापड वेगळं असतं, साधा बेल्ट आठवड्यात लांबतो. बेल्टवर ऑइल, ग्रीस, डांबर काही लावायचं नाही.

ऑइल. आपल्या उन्हात १०डब्ल्यू-३० ग्रेडचं ऑइल जास्त जळतं, ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनच्या तक्त्यात तर २७ अंशाच्या वर ते जास्त लागेल असं स्पष्ट दिलंय, आपल्याकडं दुपारी ४२ असतात. त्यांच्या बऱ्याच इंजिनांना उष्ण हवेत एसएई ३० सांगितलंय. तुमच्या इंजिनवरचं लेबल बघा न त्याच कंपनीच्या तापमानाच्या तक्त्याप्रमाणं घ्या, मोटारसायकलचं उरलेलं टाकू नका. नवीन इंजिनचं पहिलं ऑइल पाच-आठ तासांनी, नंतर साधारण ५० ते १०० तासांनी बदलायचं असतं, धुळीत न उन्हात मी ५० च्या पुढं जाऊ देत नाही, दर दुसऱ्या वेळी ऑइल फिल्टर. सेकंडहँड आहे तर आजच बदला, आधीचं कधी बदललं याच्यावर भरवसा ठेवू नका. इंजिन कोमट असताना काढा, घाण बरोबर निघते. लेव्हल सपाट जागेवर, रोज सकाळी चालू करायच्या आधी. जास्त भरलेलं पण वाईट, धूर येतो न ऑइल एअर फिल्टरमध्ये चढतं.

पेट्रोलची गोष्ट आता नवीन झालीय. २०२५ पासून पंपावर जवळपास सगळीकडं २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. उसाचं आपल्याला कौतुक आहे, मराठवाड्यातल्या कारखान्यातून पण इथेनॉल जातंय, पण या छोट्या इंजिनांना बहुतेक कंपन्यांनी १० टक्क्यापर्यंतच परवानगी दिलेली आहे. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, मशिन उभं राहिलं की टाकीच्या न कार्बोरेटरच्या तळाशी पाणी बसतं, जेट, म्हणजे पेट्रोल यायचं बारीक भोक, बुजतो, रबरी पाइप फुगतात नाहीतर कडक होतात. वर हवेच्या मानानं पेट्रोल थोडं कमी पडतं, म्हणजे इंजिन अजून थोडं गरम चालतं. म्हणून लागेल तेवढंच आणायचं, दोन-तीन आठवड्यात संपवायचं, धातूच्या झाकणबंद कॅनमध्ये ठेवायचं, पाण्याच्या बाटलीत नाही. महिन्याभराहून जास्त उभं ठेवायचं असेल तर टाकी रिकामी करा न कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. इंजिन स्वतःहून वर-खाली व्हायला लागलं तर ते बहुतेक बुजलेला जेट असतो. पेट्रोल फिल्टर न जुने पाइप सेकंडहँड मशिनवर पहिल्याच दिवशी बदला, लै स्वस्त आहेत. प्लगचं अंतर साधारण ०.७६ मिलिमीटर, वर्षाला नवीन.

आता वाकडं-तिकडं कापलं जाणं. डेकच्या स्क्रूला हात लावायच्या आधी टायरची हवा बघा. राइड-ऑनच्या टायरमध्ये साधारण १० ते १४ पीएसआय हवा असते, टायरवर न मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, आणि पंक्चरवाला मोटारसायकलच्या सवयीनं ३० भरून देतो, नाहीतर बाभळीच्या काट्यानं एका बाजूची हळूहळू उतरलेली असते. एका टायरमध्ये कमी-जास्त झाली की सगळं डेक तिरकं. कमी पीएसआयचा छोटा गेज स्वतःकडं ठेवा. कुंपणाला बाभूळ असेल तर टायरमध्ये सीलंट टाकून घ्या. हवा बरोबर केल्यावर सपाट फरशीवर मशिन उभं करून ब्लेड आडवं फिरवून दोन्ही टोकांची जमिनीपासून उंची मोजा, ३ मिलिमीटरच्या आत फरक पाहिजे. मग ब्लेड पुढं-मागं येईल असं फिरवून पुढचं टोक मागच्यापेक्षा ३ ते ६ मिलिमीटर खाली ठेवा. एवढं झालं की निम्म्या तक्रारी जातात. आणि एका वेळी गवताच्या उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापू नका, कार्यक्रम नसला म्हणून महिनाभर वाढवून मग एकदम खाली कापलं तर मशिन पण दमतं न हरळी पण पिवळी पडते.

मागचा गिअर बॉक्स हायड्रोस्टॅटिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणारा, असेल तर त्याच्या वर एक प्लास्टिकचा छोटा पंखा असतो, तो साफ ठेवा न त्याची पाती तुटलीत का बघा. गरम झाल्यावर चढावर ताकद कमी पडली तर आधी तिथं बघायचं. बंद मशिन ढकलताना मागचा बायपास दांडा, जो गिअर बॉक्स मोकळा करतो, तो ओढल्याशिवाय ढकलू नका, ट्रॅक्टरला बांधून तर ओढूच नका. बॅटरीचे टर्मिनल सोड्याच्या कोमट पाण्यानं पुसून व्हॅसलीन लावा, उन्हाळ्यात साधी बॅटरी असेल तर पंधरा दिवसाला डिस्टिल्ड वॉटर बघा, काढताना निगेटिव्ह आधी न जोडताना शेवटी. सीटखालचा स्विच, ड्रायव्हर उतरला की ब्लेड बंद करणारा, कुणी तार जोडून बायपास केलेला असेल तर आजच परत नीट करून घ्या, सेकंडहँड मशिनमध्ये हे लै सापडतं.

सर्व्हिसचं वेळापत्रक लग्नाच्या तिथीवर बसवा, तुमच्या धंद्याला तेच सोपं. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत लग्नं नसतात पण गवत त्याच काळात जोरात वाढतं, ओल्या गवतात मशिनवर सगळ्यात जास्त लोड तेव्हाच येतो, म्हणून जूनच्या आत मोठी सर्व्हिस, ब्लेड, बेल्ट, ऑइल सगळं. दुसरी तुळशीच्या लग्नाच्या आधी, तेव्हा डेक काढून खरवडणं न रंग. पावसाळ्यात दव न पाऊस वाळल्याशिवाय मशिन काढू नका, अकरा वाजले तरी चालेल.

आता तुमचा मुख्य प्रश्न, इंजिन खोलू द्यायचं का. वर सांगितलेली फिनांची सफाई, एअर फिल्टर, ऑइल न डेक एवढं करा, मग थ्रॉटल पूर्ण ठेवून अर्धा-पाऊण तास कापून बघा. तरीही तापलं, किंवा सायलेन्सरमधून सतत निळसर धूर येत राहिला, दोन-चार तासात ऑइलची लेव्हल दिसण्यासारखी उतरली, प्लग काढला की एकाचंच टोक ऑइलनं ओलं काळं निघालं, तर रिंग नाहीतर हेड गॅस्केटचा संशय खरा. तेव्हा सुद्धा खोलायच्या आधी गॅरेजवाल्याला दोन्ही सिलिंडरची लीक टेस्ट, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबानं हवा भरून ती कुठून गळतीय ते बघणं, करून दाखवायला सांगा, हवा रिंगमधून ऑइलकडं जातीय का व्हॉल्व्हमधून सायलेन्सरकडं का हेड न सिलिंडरच्या मधल्या सांध्यातून बाहेर, हे ऐकूनच कळतं. नुसतं कॉम्प्रेशन मोजून ठरवू देऊ नका, या इंजिनात बऱ्याचदा स्टार्ट करताना दाब सोडायची व्यवस्था असते, त्यामुळं आकडा चांगल्या इंजिनचा पण कमी दिसतो. टेस्टमध्ये फक्त व्हॉल्व्ह निघाला तर हेड काढून काम होतं, पूर्ण इंजिन खोलायची गरज नाही. आणि टेस्ट करायची साधनंच त्याच्याकडं नसतील तर मशिन तिथं सोडू नका, दुसरा फिटर बघा.